बर्फातून जाणारी बोट

मी मालवणचा. रात्री गाज ऐकू आली नाही तर झोप लागत नाही, असा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी हेलसिंकीच्या धक्क्यावर, कौप्पातोरी या बाजारचौकात उभा राहिलो, तेव्हा समोरचा समुद्र गप्प होता. लाट नाही, खारा वास नाही. बाल्टिक मुळातच कमी खारट. त्यात फिनलंडच्या आखातात नद्यांचं गोडं पाणी येतं, म्हणून तो सहज गोठतो.

समोरच्या बेटांवरच्या सुओमेनलिन्ना किल्ल्याची बोट मात्र वेळेवर सुटली. ट्रामचं तिकीट तिलाही चालतं. बर्फ आधी करकरला, मग थाळ्यांएवढे तुकडे बोटीच्या अंगाला घासत मागे गेले. मी कठड्याला चिकटून ते ऐकत होतो. शेजारची बाई भाजीची पिशवी पायाशी ठेवून पुस्तक वाचत होती. त्या बेटांवर आजही सुमारे 800 माणसं राहतात. त्यांच्यासाठी ही रोजची वाट.

सिंधुदुर्ग पाहत वाढलेल्याला जलदुर्ग नवा नाही, तरी हा किल्ला पाहून मी थबकलो. फिनलंड स्वीडनच्या ताब्यात असताना, 1748 साली, रशियाला अडवण्यासाठी त्याचं बांधकाम सुरू झालं. 1808 मध्ये तो रशियाच्याच हाती गेला, वर्षभरात फिनलंडही. स्वीडनजवळच्या तुर्कूहून राजधानी हलवून झारने 1812 मध्ये ती हेलसिंकीला आणली. म्हणजे ज्या शहराच्या रक्षणासाठी हा किल्ला उभा राहिला, ते राजधानी झालं किल्ला पडल्यानंतर.

परतल्यावर धक्क्यालगतच्या जुन्या बाजारात शिरलो. सॅमन, बटाटा आणि मलईचं गरम सूप, सोबत राईचा काळा पाव. पहिल्याच घासाला ओळखीची चव आली. शेपू! आमच्या घरी शेपू म्हटलं की निम्मी मंडळी ताटावरून उठायची. मी मात्र वाडगा पुसून घेतला.

पाचनंतर अंधारू लागलं, तसा पुन्हा धक्क्यावर आलो. बेटावरच्या चर्चचा घुमट दीपगृहाचंही काम करतो, हे दुपारी तिथे कळलं होतं. त्याचा दिवा चार वेळा लुकलुकतो. मोर्सच्या लिपीत ते हेलसिंकीचं आद्याक्षर. थंडीने बोटं बधिर झाली होती. तरी मी मोजत राहिलो: एक, दोन, तीन, चार.