हापसा आपल्या मागे चालला पाहिजे

हथखोज, भिलाई

चि. बाळ,


उत्तर घानातल्या खेड्यांत पाण्याच्या कामासाठी स्वयंसेवक म्हणून तुझी निवड झाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. तिच्या आवाजात काळजी होती. मला मात्र अभिमान वाटला. तू पाठवलेली तयारीची यादी नीट वाचली, आणि फोनवर सांगून भागणार नाही म्हणून लिहायला बसलो.

यादीतलं सगळं हवंच आहे. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घे. तिच्या प्रमाणपत्राशिवाय घानात प्रवेश मिळत नाही, आणि ते नसेल तर परत येताना आपल्याकडेही विमानतळावरून वेगळं ठेवतात. हिवताप आपल्या ओळखीचा, म्हणून त्याला हलक्यात घेऊ नकोस. तिकडचा बहुतेक हिवताप फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा असतो. डॉक्टर देतील त्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही सांगितले तितके दिवस घ्यायच्या. डिसेंबरपासून सहाराकडून हरमॅटन नावाचा कोरडा, धुळीने भरलेला वारा सुटतो. त्याच कोरड्या दिवसांत तिकडे मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंजायटिसची साथ येते, म्हणून त्या लशीबद्दलही डॉक्टरांना आताच विचार.

पण ही झाली तू सुखरूप राहण्याची तयारी. ज्या कामासाठी जातेस त्याची तयारी यादीत दिसली नाही. तुझ्याकडे डिप्लोमा आहे, पण हापसा स्वतःच्या हाताने उघडून, दुरुस्त करून पुन्हा बसवला आहेस का?

हे विचारण्याचं कारण आहे. तू जातेस तिथल्या बऱ्याच गावांत जो हापसा दिसेल तो आपलाच, इंडिया मार्क टू. त्याची मुळं आपल्या मराठवाड्यात आणि सोलापुरात आहेत. १९६० च्या दशकात दुष्काळामुळे कठीण खडकात बोअर घेण्याची मोहीम सुरू झाली. बोअर झाले, पण त्यांवर बसवले ते परदेशी नमुन्याचे बिडाचे पंप. ते एकेका कुटुंबापुरते बनवलेले, आणि इथे अख्खं गाव दिवसभर ते हापसायचं. पंप भराभर मोडले. १९७० च्या दशकातल्या पाहण्यांत सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कार्यशाळांनी बिडाऐवजी पोलाद वापरून मजबूत पंप घडवले. त्या अनुभवावरून सरकार, युनिसेफ आणि कारखानदारांनी मिळून त्या दशकाच्या अखेरीस मार्क टू उभा केला. त्यावर कोणाचं पेटंट नाही. म्हणून तो कोणत्याही देशाला बनवता आला आणि पश्चिम आफ्रिकेत गावोगाव पोचला.

तरीही २००९ च्या एका अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दर तीन हापशांमागे एक बंद होता. मोडतो तो भाग सहसा लहानच असतो, सिलिंडरमधला झिजलेला वॉशर किंवा तुटलेली साखळी. पण वॉशर बदलायचा तर पाइप वर काढावे लागतात. तीस मीटर खोलीला तीन-तीन मीटरचे दहा जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप आणि त्यांच्या आतले रॉड, हे काही एकट्यादुकट्याचं काम नव्हे. हत्यारं नाहीत, सुटा भाग तालुक्याला मिळत नाही, शिकलेला माणूस लांब राहतो, आणि पंप महिनोन्‌महिने पडून राहतो. पाणीच आम्लधर्मी असेल तर जीआय पाइप आतून गंजतो. पाणी तांबडं येतं, चव बिघडते, आणि पंप चालू असूनही बाया पुन्हा तळ्याकडे वळतात. घानाने यासाठीच स्टेनलेस स्टीलचे पाइप असलेला सुधारित मार्क टू स्वीकारला. पोलादाच्या गावात राहणाऱ्या मला हे वाचून वाटलं, पंप बसवण्याआधी पाणी तपासणं हे तुझं पहिलं काम.

तळ्याच्या पाण्याने काय होतं ते तुझ्या आजीच्या पिढीने पाहिलंय. नारू! पायातून हातभर लांबीचा जंत हळूहळू बाहेर यायचा आणि माणूस ऐन पेरणीत अंथरुणाला खिळायचा. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला. घानात १९८९ साली सुमारे एक लाख ऐंशी हजार रुग्ण होते. तिथला शेवटचा रुग्ण २०१० चा, आणि २०१५ मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. ती लढाई गावातल्याच स्वयंसेवकांनी घरोघर फिरून, पाणी कापडातून गाळायला शिकवून जिंकली. स्वच्छ पाण्याच्या हापशांचाही त्यात वाटा होता. त्या लोकांकडे तू जाते आहेस. त्यांना काही येत नाही असं मनात धरून जाऊ नकोस.

आणि भिलाईने बाहेरून आलेल्या मदतीची दुसरी, म्हणजे घेणाऱ्याची बाजू अनुभवली आहे. १९५५ साली इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. रशियन तंत्रज्ञ इथे येऊन राहिले, आपले इंजिनिअर तिकडे शिकायला गेले, आणि काम हातात बसल्यावर रशियन परतले. भट्ट्या आजही आपली माणसं चालवतात. हथखोजच्या आम्हा वर्कशॉपवाल्यांचं पोटही त्याच पोलादावर चालतं. शिकवून गेलेला पाहुणा गावाच्या उपयोगी पडतो. नुसतं काम करून गेलेल्या पाहुण्यामागे गावाला पुन्हा वाट पाहावी लागते.

म्हणून माझं ऐक. निघण्याआधी काही आठवडे इकडे ये. आमच्या वर्कशॉपमध्ये पाइपला आटे पाडायला शीक, पाना आणि क्लॅम्प हातात बसू दे. मग पीएचईच्या, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या, हँडपंप मेकॅनिकबरोबर गावांत फिरू. पाइप वर काढताना दोर कोण धरतो, खाली कोण उभं राहत नाही, हे पुस्तकात कळत नाही. एका मिनिटाला चाळीसेक हापसे मारून साधारण बारा लिटर पाणी येतंय का, ते मोजायला शीक. साखळीला वंगण किती दिवसांनी लावायचं ते लिहून ठेव.

तिथे पोचल्यावर आधी गावच्या मुखियाला भेटायला जा, तो तिथला रिवाज आहे. देणंघेणं उजव्या हाताने कर. सकाळी भेटलेल्या माणसाची झोप, घर, मुलंबाळं यांची विचारपूस झाल्याखेरीज कामाचं बोलू नकोस. मग पाणी भरायला येणाऱ्या बायांत बस. पंप बंद पडला की त्रास त्यांना होतो, तेव्हा दुरुस्तीची गरजही त्यांनाच सगळ्यांत जास्त. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात खेड्यातल्या, फारसं न शिकलेल्या बायका हापसा-मेकॅनिक झाल्या. तिथेही होतील. पाना तू हातात धर, पण लवकरच त्यांच्या हातात दे. चुकू दे, वेळ लागू दे. दुरुस्तीची वर्गणी कोण जमवणार, सुटे भाग कुठून आणणार, हे त्यांच्याच बैठकीत ठरू दे.

किती पंप दुरुस्त केलेस हे मी तुला विचारणार नाही. तू परत आल्यावर तिथला एखादा पंप बंद पडेल आणि गावातल्या बाया तुला न विचारता तो सुरू करतील, तेव्हाच तुझं जाणं सार्थकी लागलं असं मी मानीन. त्याच तयारीने जा.

येण्याची तारीख कळव. तुझी मामी खोलीची व्यवस्था करते आहे. ताईला आणि तुझ्या बाबांना नमस्कार.

तुझा,
मामा