तेवढी फट असू द्या!

मित्रांनो, एक प्रयोग करून बघा. औषधाच्या दुकानातून दोन नव्या सिरिंज आणा, एक लहान, एक मोठी. सुया मात्र नकोत हं! दोघींची तोंडं बारीक नळीने जोडा आणि आत पाणी भरा. लहान दट्ट्या दाबला की मोठा दट्ट्या सरकतो. सरकतो थोडाच, पण जोर वाढलेला असतो. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे १६२३ साली जन्मलेल्या फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने सांगून ठेवलंय. आता नळीत हवेचा एक मोठा बुडबुडा राहू द्या आणि पुन्हा दाबा. आधी बुडबुडाच आकसतो, पलीकडचा दट्ट्या ढिम्म!

ट्रकचा तेलावर चालणारा क्लच म्हणजे अशाच दोन सिरिंज. पेडलपाशी एक, गिअरबॉक्सपाशी दुसरी. पेडल दाबलं की इंजिन आणि चाकं यांची फारकत होते, मग गिअर बदलता येतो. हे मला माझ्या मामांच्या गॅरेजात समजलं. गॅरेज साकोलीजवळ, नागपूर-रायपूर हमरस्त्यावर. याच रस्त्यावर गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, त्यामुळे ट्रकचं आम्हाला भारी कौतुक!

एकदा धानाची पोती लादलेला ट्रक आला. क्लचची नवी प्लेट बसवायची होती. मामांनी आधी नळीतली सगळी हवा काढली. मी पेडल दाबायचो, ते खालून नट सैल करायचे, बुडबुडे निघाले की नट बंद, मग मी पाय उचलायचा. तेल एकसारखं येईपर्यंत हेच. मग त्यांनी पेडलच्या दांडीची लांबी जुळवली. दांडी आणि दट्ट्या यांच्यात बारीकशी फट ठेवली.

ड्रायव्हरकाकांना ती ढिलाई पटेना. "पूर्ण टाइट करून द्या ना जी! ढिलं कायले ठेवता?"

मामा म्हणाले, "प्लेट जाळाची असंल तर करतो टाइट."

काका गप्प झाले. आधीची प्लेट जळाली होती, दोन दिवसांचं भाडं बुडालं होतं. मग मामांनी समजावलं. पाय काढल्यावर दट्ट्या पूर्ण मागे आला, तरच वरच्या डबीकडचं बारीक भोक उघडतं. फट नसेल तर ते बंदच राहतं. इंजिनच्या उष्णतेने तेल फुगतं, त्याला जायला वाट नसते. मग ते क्लचला आतून हळूच दाबून धरतं. प्लेट घसरते, तापते, जळते. घाटात भरलेली गाडी ओढेनाशी झाली तर काय होईल, विचार करा! फट जास्त झाली तरीही पंचाईत, क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरतात.

शर्यतीच्या मोटारींना आणखी एक काळजी. घाईत पाय जोरात पडतो आणि क्लच सुटल्यावरही पेडल दाबलं जातं. त्याने आतल्या स्प्रिंगची बोटं वाकू शकतात. म्हणून पेडलखाली अडणी, म्हणजे स्टॉपर, लावतात. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, एक चाक उचललेलं. कुणीतरी पेडल हळूहळू दाबतं. चाक हाताने फिरू लागलं की क्लच सुटला! त्यापुढे थोडी जागा सोडून स्टॉपर कसतात. अर्थात हे काम मोठ्यांचं.

पुढच्या वेळी एसटीत पुढे बसलात, तर ड्रायव्हरच्या डाव्या पायाकडे पाहा. पेडल सुरुवातीला किंचित सहज खाली जातं, मग जड होतं.