त्रिपोलीचा कप आणि गोवंडीचं मैदान

१४ जून २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया शहरात बास्केटबॉल आफ्रिका लीगचा पाचवा मोसम संपला. लीबियाच्या अल-अहली त्रिपोली या क्लबने अंगोलाच्या पेट्रो दे लुआंडाला ८८-६७ असं हरवून कप नेला. इकडे गोवंडीत बकरी ईद नुकतीच झाली होती. देवनारचा बकरा बाजार उठला होता आणि गल्ल्यांतला चारा अजून झाडून व्हायचा होता. नववीतला माझा भाचा मोबाइलवर त्या सामन्याच्या क्लिपा बघत होता. मधेच मान वर करून म्हणाला, “मामू, लीबिया में तो जंग चल रही थी ना? फिर ये लोग खेलते कहाँ हैं?”

प्रश्न साधा होता. मला मात्र तो बरेच दिवस पुरला.

आधी या लीगविषयी थोडं. अमेरिकेची एनबीए आणि जागतिक संघटना फिबा यांनी मिळून २०२१ मध्ये ती सुरू केली. इथे देश खेळत नाहीत, देशोदेशीचे क्लब खेळतात. २०२५ च्या मोसमात बारा क्लब होते. रबात, डकार आणि किगाली इथे प्रत्येकी चार संघांचे गट खेळले आणि शेवटचे सामने प्रिटोरियात झाले. पहिल्या पाच मोसमांचे विजेते बघा: २०२१ मध्ये इजिप्तचा झमालेक, २०२२ मध्ये ट्युनिशियाचा मोनास्तिर, २०२३ मध्ये पुन्हा इजिप्तचाच अल-अहली, २०२४ मध्ये पेट्रो दे लुआंडा आणि २०२५ मध्ये त्रिपोली. पाचातले चार कप अरबी बोलणाऱ्या मुलखात गेले.

ही यादी वाचून आपल्यातल्या काहींची छाती लगेच फुगते. उम्मतचा विजय वगैरे फॉरवर्ड सुरू होतात. मला त्यात रस नाही. त्रिपोलीचा जो खेळाडू मोसमात सर्वोत्तम ठरला तो जाँ जाक बुआसी सेनेगलचा आहे. क्लब चांगला खेळाडू कुठूनही आणतो, त्याचा मजहब विचारत नाही. आपण बघायला हवी ती या क्लबांची नावं.

झमालेक हे कैरोतल्या एका वस्तीचं नाव आहे. मोनास्तिर हे समुद्रकाठचं एक गाव. आणि ‘अहली’ हा शब्द ज्या ‘अहल’पासून आला, तो आपल्या ओळखीचा आहे. मशिदीच्या भोंग्यावरून ‘अहले मोहल्ला’ अशी हाक येते, त्यातलाच हा अहल. म्हणजे लोक, आपली माणसं. कैरोचा अल-अहली १९०७ चा, झमालेक १९११ चा, त्रिपोलीचा अल-अहली १९५० चा. हे मुळात फुटबॉलचे क्लब, पण त्यांच्या छत्राखाली बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, हँडबॉल असं सगळं चालतं. २०११ नंतर लीबियाने यादवी पाहिली, एका देशात दोन सरकारं पाहिली. क्लब मात्र टिकला. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. सरकार कोलमडलं तरी ज्यांच्याकडे क्लब होता, त्यांची पोरं खेळत राहिली.

आता कुणी म्हणेल, ते अरब देश, त्यांची गोष्ट वेगळी. मग आपल्या मुंबईतलंच बघू. भायखळ्याजवळचा नागपाडा. तिथेही गल्ल्या अरुंद, खोल्या लहान, घरटी माणसं जास्त. तरीही त्या मोहल्ल्याने पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल खेळला. भारताचा कर्णधार झालेला आणि १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवणारा गुलाम अब्बास मुंतसिर तिथला. तिथली नागपाडा बास्केटबॉल असोसिएशनही अद्याक्षरांनी एनबीएच आहे! तिथल्या लोकांना अमेरिकेची एनबीए दुसरी वाटत असेल तर नवल नाही.

नागपाड्याकडे पैसा नव्हता, पण कोर्ट होतं. आणि त्या कोर्टाशी रोज संध्याकाळी उभी राहणारी मोठी माणसं होती.

नागपाडा आणि गोवंडी यांचा एक जुना धागा आहे, तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाऊस उभं केलं. तिथेच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं विद्यालय सुरू झालं. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालं आणि १९५४ मध्ये देवनारला आलं. म्हणजे गोवंडी स्टेशनवरून रिक्षाने जिथे जातो, ती संस्था मूळची नागपाड्याची.

शहराने आमच्याकडे आणखीही बरंच पाठवलं. डम्पिंग १९२७ पासून होतंच. १९७१ मध्ये कत्तलखाना आला. सत्तरच्या दशकात शहरातून उठवलेली माणसं शिवाजीनगर, बैंगनवाडीत आली. पुढे रस्ते आणि रेल्वेसाठी हटवलेल्यांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. कचरा आला, जनावरं आली, माणसं आली, विद्वानही आले. नागपाड्याचं कोर्ट तेवढं आलं नाही. आमच्याकडे अजूनही ‘ग्राउंड’ म्हटलं की आधी डम्पिंग ग्राउंडच आठवतं.

मोहल्ल्याच्या एका बैठकीत मी हा विषय काढला. एक बुजुर्ग म्हणाले, “बेटा, जागा कुठंय? आणि खेळून पोट भरतं का?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी जागेचा हिशेब करू. बास्केटबॉलचं पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटरचं, म्हणजे साडेचार हजार चौरस फूट. एसआरएची ३०० फुटांची पंधरा घरं त्यात बसतात. जिथे माणसाला घर नाही तिथे पंधरा घरांची जागा मागणं जड वाटतं, मान्य. पण आता थ्री-बाय-थ्री हा प्रकार ऑलिम्पिकमध्येही खेळला जातो. एकच बास्केट, दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू, दहा मिनिटांचा खेळ. त्याला १५ बाय ११ मीटर पुरतं, म्हणजे सहा घरांची जागा. शाळेच्या आवारात, मदरशाच्या अंगणात तेवढी निघू शकते.

पोटाचं म्हणाल तर रेल्वे, पोलीस, बँका यांत खेळाडूंची भरती होते. पण माझं खरं उत्तर ते नाही. संध्याकाळी सात वाजता पोरगा कुठे आहे हे आईला माहीत असणं, हीच गोवंडीत मोठी कमाई आहे. नाक्यावर पुडी विकणारा त्याच वेळी त्याच पोराची वाट बघत असतो.

आणि मुली? पूर्वी सांगितलं जायचं की हिजाब घालून आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल खेळता येत नाही. ते खरंही होतं. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींनी डोक्यावरचं काढायला नकार दिला आणि सामना सोडला. पण जगभरच्या खेळाडू मुलींनी रेटा लावला आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून फिबाने नियम बदलला. आता नियमाचं कारण उरलेलं नाही. मुलींसाठी ठरलेली वेळ, एक बाई कोच आणि बंद होणारं फाटक एवढंच लागतं.

आपण चंदा गोळा करून मशिदीचा मजला वाढवतो, शादीखाना बांधतो. दोन्ही हवेत. पण अहले मोहल्ला म्हणवून घ्यायचं तर मोहल्ल्याच्या पोरांना उभं राहायला जागा देणंही त्यात येतं. येत्या वेळी मत मागायला कुणी गल्लीत आला तर शिलाई मशीन, छत्री, भांडी घेऊ नका. त्याला सहा घरांएवढी सपाट जमीन मागा. दोन दिवे आणि जमिनीपासून ३.०५ मीटरवर एक लोखंडी रिंग मागा. बाकीचं पोरं करतील.