माळ्यावरून उतरलेली मशीन

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की आमच्या दापोली भागात झाडं कापायच्या मशिनी माळ्यावरून खाली उतरतात. पावसाळाभर त्यांना कोणी हात लावलेला नसतो. मग एके सकाळी वठलेल्या फांद्या उतरवायच्या म्हणून बागायतदार मशीन खळ्यात आणतो, दोरी ओढतो, ओढतच राहतो आणि दुपारी खांदा चोळत माझ्या दुकानात येतो. "मिस्त्री, मशीन पकडत नाही. काल-परवापर्यंत चांगली चालत होती." काल-परवा म्हणजे मे महिना.

माझा पहिला प्रश्न ठरलेला : ठेवताना टाकीत पेट्रोल होतं का? उत्तर बहुधा "होतं थोडं" असंच येतं. त्या थोड्यातच सगळं असतं. आपण आगोटीला लाकूडफाटा भरतो, कौलं परततो, सुकी मासळी डब्यात घालतो, आणि ही मशीन मात्र अर्धवट टाकीनिशी माळ्यावर ढकलतो. ऑक्टोबरात दिसणारं दुखणं जूनमध्ये लागलेलं असतं.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याची काय कमतरता! पुरेसं पाणी शिरलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. वर पेट्रोल आणि त्यातलं ऑईल राहतं. टाकीतला छोटा फिल्टर वजनामुळे नेमका तळाशीच पडलेला असतो. त्यामुळे दोरी ओढली की इंजिनला आधी हे पाणी मिळतं. अशा वेळी मी काही उघडण्याआधी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून गिऱ्हाइकाला उजेडात धरून दाखवतो. तळाचा थर डोळ्यांनी दिसला की निम्मी समजूत पटते. उरलेली निम्मी वासाने. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबूस वास येतो.

ताजं पेट्रोल घालूनही पकडली नाही तर कार्बोरेटर. मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो, त्याला मशीन सरळ उभी लागते. झाड कापताना मशीन आडवी, तिरकी, वेळेला उलटीही धरावी लागते. म्हणून इथे फ्लोटऐवजी पातळ पडदे असतात. एक पडदा टाकीतून पेट्रोल ओढतो, दुसरा ते मोजून सोडतो. ओढणाऱ्याला वेगळी ताकद कोणी देत नाही. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमध्ये दाब चढतो-उतरतो, त्यावरच तो हलतो. हे पडदे १९५० च्या दशकात आले. त्याआधीच्या मशिनींत आडवा काप घ्यायचा तर इंजिन सरळ ठेवून नुसतं पातं फिरवावं लागे. मला या पडद्यांचं अजून कौतुक वाटतं. चांगला पडदा बोटांत मऊ लागतो, आवाज करत नाही. पेट्रोल सुकून कडक झालेला दाबला की टकटक वाजतो. असा पडदा फुंकर मारून सुधारत नाही, बदलावाच लागतो. लोक मात्र आधी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू फिरवून येतात. मे महिन्यात त्याच स्क्रूंवर मशीन चालत होती. ते माळ्यावर आपोआप कसे फिरतील?

पेट्रोल नाही म्हणून न चालणाऱ्या मशिनी आणि पेट्रोल जास्त झालं म्हणून न चालणाऱ्या मशिनी, दोन्ही येतात. दुसरा प्रकार चोकचा. थंड मशीनला चोक पूर्ण ओढून दोरी मारायची, पण पहिला 'भुक' ऐकू येईपर्यंतच. तो आवाज एवढासा असतो. आला की चोक अर्ध्यावर आणून पुढची दोरी. हा भुक निसटला आणि पूर्ण चोकवरच ओढत राहिलं की सिलेंडरमध्ये पेट्रोल तुंबतं. मग दंडात कितीही जोर असू दे. प्लग काढून पाहावा : ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, कोरडा असेल तर वाट अडली आहे. ओला निघाला तर स्विच बंद करायचा, चोक उघडायचा, ॲक्सिलेटर दाबून दोरी काही वेळा ओढायची म्हणजे साठलेलं पेट्रोल प्लगच्या भोकातून बाहेर पडतं. हे करताना आसपास विडी नको आणि कोणाचं तोंड त्या भोकासमोर नको. प्लग पुसून, त्याच्या टोकांत साधारण अर्धा मिलिमीटर फट ठेवून परत लावला की बरीच भांडणं तिथेच मिटतात. स्विच बंदच राहिल्यामुळे आलेल्या मशिनीही असतात; त्यांच्या मालकांना मी चहा पाजून परत पाठवतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा या सगळ्याची उलटतपासणी झाली. आंबा, फणस, माड, सुपाऱ्या आडव्या, रस्ते बंद, वीज गायब. ज्याच्याकडे मशीन होती त्याने ती बाहेर काढली. कॅनमध्ये जे पेट्रोल शिल्लक होतं ते टाकीत गेलं. त्या दिवसांत एक तक्रार पुन्हा पुन्हा यायची : सकाळी एका दोरीत चालू होते, टाकी भरायला बंद केली की पकडत नाही. तापलेल्या इंजिनाच्या आचेने कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची वाफ होते, तेव्हा चोक न लावता थोडं थांबणं हाच इलाज. मधेच चालता चालता बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करावं. हवा आत ओढल्याचा 'सुस्स' आवाज आला तर टाकीच्या श्वासाचं भोक भुशाने बुजलेलं असतं. घाईत लोक एका हाताने मशीन हवेत झटकून दुसऱ्या हाताने दोरी मारत. ते पाहिलं की मला अजून कापरं भरतं. मशीन जमिनीवर, चेनचा ब्रेक लावलेला, मागच्या मुठीत बुटाचं टोक, डावा हात पुढच्या मुठीवर आणि मगच दोरी.

एका प्रकारात मात्र माझा नाइलाज असतो. स्विच बंद ठेवून मी मशीन दोरीच्या मुठीला लोंबकळत धरतो. कॉम्प्रेशन असेल तर ती अडत अडत खाली येते. नसेल तर सरसर उतरते. तशी उतरली की सायलेन्सर खोलून भोकातून बॅटरीचा उजेड टाकतो. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले की विचारतो, ऑईल किती घालता? कंपनी मशीनप्रमाणे लिटरला २० किंवा ४० मिली सांगते. उत्तर येतं, "झाकणभर." कुठल्या डब्याचं झाकण, ते कोणालाच सांगता येत नाही.

गेल्या हंगामात एका काकांना मी तो पिस्टन आत वाकून बघायला लावला. त्यांनी निवांत पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"म्हणजे पिस्टन गेला?"

"पिस्टन गेला, सिलेंडरही गेला."

"बरं," ते म्हणाले, "पण तू आधी एक नवीन प्लग टाकून बघ की."