उतरलेला कोट

या शाळेचा पाया कोणी घातला, पहिल्या तुकडीत किती मुले होती, पत्र्याच्या छताखाली वर्ग कसे भरत, हे आमच्याहून अधिक अधिकाराने सांगणारे ज्येष्ठ या स्मरणिकेत लिहीत आहेत. संपादक मंडळाने आम्हांस माजी विद्यार्थ्यांविषयी लिहावयास सांगितले, तेव्हा आमच्या मनात एका कोटाचा विषय आला. विषय लहान आहे. परंतु त्या कोटाने आम्हांस जितके विचारात पाडले, तितके एखाद्या ग्रंथानेही क्वचितच पाडले असेल.

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आपल्या वसतिगृहात त्या पहाटे वंदनेस मुले ओळीत उभी नव्हती, एकमेकांना बिलगून उभी होती. नववीतील एक मुलगी मात्र वेगळी उभी होती. स्वेटरवर तिने चादर घट्ट गुंडाळली होती. विचारले, तर म्हणाली, "सर, स्वेटरच्या भोकांतून वारा शिरते." हीच मुलगी पुढे शिष्यवृत्तीवर कॅनडातील माँट्रियल येथे शिकावयास गेली आणि ऑक्टोबर महिन्यात तिचा फोन आला. नागपुरात तिबेटी विक्रेत्यांकडून घेतलेले जॅकेट तेथील पहिल्याच गार वाऱ्यात निकामी ठरले होते. तेथील लोक पार्का घालतात, तो कोणता घ्यावा, हा तिचा प्रश्न होता. इतिहासाच्या शिक्षकाला हा प्रश्न का, असे आम्ही विचारले नाही. निवासी शाळेतील मुले साबणापासून संविधानापर्यंत सर्व काही त्याच माणसांना विचारतात.

आम्ही आमच्या सवयीप्रमाणे मुळापासून आरंभ केला. पार्का हा शब्द रशियाच्या अतिउत्तरेकडील नेनेत्स लोकांच्या भाषेतून रशियन भाषेमार्गे जगभर गेला. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक कॅरिबू हरणाच्या कातड्याचे दोन अंगरखे एकावर एक घालीत. आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. डोक्यावरची टोपी अंगरख्यालाच शिवलेली, तिच्या कडेला केसाळ कातड्याची झालर. आज दुकानात टांगलेल्या प्रत्येक पार्क्यात त्या स्त्रियांच्या सुईचे ज्ञान आहे.

माँट्रियलला जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली नऊ-दहा अंश असते. खरा शत्रू मात्र वारा. शरीर आपल्या भोवतीच्या हवेचा पातळ थर तापवते आणि वारा तो थर उडवून नेतो. बशीतला चहा फुंकर घालून निवतो, तसेच हे. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी अंटार्क्टिकात पाण्याचे नळकांडे वाऱ्यात टांगून ते गोठावयास किती वेळ लागतो हे मोजले आणि १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजच्या कोष्टकानुसार शून्याखाली १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ते शून्याखाली २० सारखे जाणवते. म्हणजे पार्का जाड आहे की नाही, यापूर्वी त्यातून वारा शिरतो की नाही, हे पाहावयास हवे. चादर गुंडाळलेल्या मुलीला हे नवीन नव्हते.

तिला आम्ही सांगितले ते असे. बाहेरचे कापड तोंडाला लावून जोराने फुंकर मारावी. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली, तर तो कोट परत टांगावा. चेनचे दात मोठे असावेत, चेनवर झाकणारी पट्टी असावी, बाहीच्या आत मनगटाला घट्ट बसणारी विणलेली कफ असावी, टोपीला आवळावयास दोरी असावी. लांबी मांडीच्या मध्यापर्यंत. मोजून पाहताना आत स्वेटर घालावा, हात वर करावेत, खाली बसून पाहावे. भरण बदकाच्या पिसांचे असते किंवा पॉलिस्टरचे. पीस हलके आणि अधिक उबदार, पण भिजले की चोपून जाते; पॉलिस्टर भिजूनही काही ऊब राखते, स्वस्त असते आणि घरी धुता येते. गोधडीची ऊब चिंध्यांची नसते, चिंध्यांच्या थरांत अडकलेल्या हवेची असते, येथेही तेच. लेबलावर शून्याखाली अमुक अंश असे छापलेले असले, तरी तो बहुधा कंपनीचा स्वतःचा दावा असतो. त्याला भुलू नये.

एवढे सगळे जमणारा नवा पार्का तिच्या खोलीच्या महिन्याच्या भाड्याइतका निघाला. जुन्या कपड्यांच्या दुकानात मात्र तसाच पंचेचाळीस डॉलरला होता. कष्टाच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या कोणासही येथे निर्णय सोपा वाटेल. आम्हांसही वाटला.

तिच्या आईला वाटला नाही. ताई आम्हांस भेटावयास शाळेत आल्या. खुर्चीवर न बसताच म्हणाल्या, "सर, माया सासूनं मढ्यावरचं लुगडं नेसलं. मायी पोरगी कोनाचं उतरेल कापड घालनार नाही."

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. महारकीच्या तथाकथित हक्कांत प्रेतावरचे कापड होते, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना नेसण्याची पद्धत बदलावयास सांगितले, तेही सांगतो. चौकाचौकांतील पुतळ्यांच्या अंगावरचा निळा कोट हा आपल्या घरांत केवळ पोशाख नाही. तरीही पंचेचाळीस डॉलर ऐकताच आम्ही हे सारे विसरलो होतो, याची त्या क्षणी लाज वाटली.

आम्हांस विनयपिटकातील महावग्गाची आठवण झाली. वैशालीला गोतमक चैत्यापाशी, हिमपाताच्या दिवसांत, तथागत रात्री उघड्यावर एक चीवर पांघरून बसले. पहिल्या प्रहराच्या शेवटी थंडी वाजली, तेव्हा दुसरे घेतले; मधल्या प्रहराच्या शेवटी तिसरे, पहाटे चौथे. स्वतः अनुभव घेऊन मग त्यांनी भिक्खूंना तीन चीवरांची अनुमती दिली. त्यांपैकी संघाटी दुहेरी. भिक्खू स्मशानातील चिंध्यांचे पांसुकूल चीवरही वापरीत. हे ताईंना सांगावे, असे ओठांवर आले होते. सांगितले नाही. भिक्खूंनी ते वस्त्र निवडले होते, ताईंच्या सासूबाईंवर ते लादले गेले होते. ज्याला नाही म्हणता येत नव्हते, त्याला त्यागाचा दाखला देणे हा उद्धटपणा झाला असता. एवढेच म्हणालो, "ताई, पोरगी ठरवेल. थंडी तिला सोसायची आहे."

मुलीने आठवडाभर विचार केला आणि तोच कोट घेतला. फुंकरीची परीक्षा केली, शिवणी व खिसे उलटून पाहिले, भरणाचे गोळे झालेले नाहीत ना हे दाबून पाहिले, घरी आणून धुतला आणि ढेकणांची शंका नको म्हणून गरम हवेच्या ड्रायरमधून काढला. आईपासून लपवले नाही. व्हिडिओ कॉलवर कोट दाखवला, पावतीही दाखवली. त्या दुकानाच्या रांगेत तिच्याच विभागातील गोऱ्या मुली कशा उभ्या होत्या, हेही सांगितले. ताई बराच वेळ गप्प होत्या, असे ती म्हणाली. मग त्यांनी विचारले, "कितीले पडला?" आकडा ऐकून रुपयांत हिशेब विचारला. दोन हजार आठशेच्या आसपास. "येवढे देल्ले? मंग तं तू इकत घेतला. कोनं देल्ला नाही." आणि लगेच पुढचा प्रश्न, "कानाले काय बांधतं?"

त्यानंतरही शेजारणींना त्या कोट जुना असल्याचे सांगत नाहीत. आम्हीही त्यांना सांगा म्हणत नाही.

यंदा आपल्या शाळेचा आणखी एक मुलगा कॅनडाला निघाला आहे. मुलीने त्याला परस्पर कळवले आहे की, येथून जड जॅकेट नेऊन सामानाचे वजन वाढवू नये. दोन चांगले स्वेटर न्यावेत आणि तेथे कोट मोजून पाहताना तेच अंगात घालावेत. त्याने तिचाच कोट मागितला होता. तिने साफ नकार दिला आहे. चेन नवी बसवली आहे, आणखी दोन हिवाळे तो तिला पुरणार आहे.