नस सुजते तेव्हा

आमच्या घरात या रोगाला तीन नावे होती. दादी ‘जुजाम’ म्हणत. मराठी शाळेत शिकलेले अब्बा ‘महारोग’ म्हणत, आणि मोहल्ल्यात सरळ ‘कोढ’. अंगावरच्या पांढऱ्या डागांनाही लोक कोडच म्हणायचे, त्यामुळे ज्यांना हा रोग नव्हताच तीही माणसे त्यात भरडली जायची.

आमचे मोठे मामू बीडहून दरवर्षी ऊसतोडीला जात. २००३ साली त्यांच्या पाठीवर बधिर चट्टे निघाले. चिमटा काढला तरी कळत नसे. सरकारी दवाखान्यातून बारा महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या, त्यांनी त्या नेमाने घेतल्या. २००४ च्या शेवटी उपचार पूर्ण झाला आणि नोंदवहीतून त्यांचे नाव कमी झाले. आम्ही सगळे खूष होतो.

त्याच हंगामात फडावर असताना जुने चट्टे लाल होऊन सुजले. कोपर ठणकू लागले. लोक म्हणाले, औषध लागलेच नाही. काहींनी तर पाप बाहेर पडते म्हटले. मुकादमाची उचल फिटायची होती, सुट्टी मिळेना. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मामू निघाले असते तर मुमानींचीही मजुरी बुडाली असती. हंगाम संपेपर्यंत करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट वाकून गेले होते.

मग आम्ही वाचायला लागलो. हान्सेनने हा जंतू १८७३ मध्ये पाहिला. तो इतका मंद आहे की एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. प्रयोगशाळेच्या बशीत तो आजही वाढत नाही. शरीरातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. त्याच्या भिंतीवरचे पदार्थ ओळखताच पेशीच्या आत निरोप जातो आणि काही विकरे, म्हणजे एन्झाइम, जोमाने तयार होतात. त्यातले एक सायक्लोऑक्सिजनेज-२. ते पेशीतल्या स्निग्ध पदार्थापासून प्रोस्टाग्लँडिन बनवते. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते, ठणका लागतो. गंमत अशी की ज्या प्रकारात जंतू फार असतात, तिथे हेच प्रोस्टाग्लँडिन भक्षक पेशींचा जोर उलट कमी करते, असे अभ्यासांत दिसते. जंतूला त्याचा फायदाच.

गोळ्या जंतू मारतात. पण मेलेल्या जंतूंचे अवशेष अंगात बराच काळ राहतात. प्रतिकारशक्ती त्यांच्यावर पुन्हा तुटून पडली की ही ‘रिअ‍ॅक्शन’ येते. उपचार चालू असताना येते, संपल्यावरही येते. कोपराशी नस हाडाच्या अरुंद खोबणीतून जाते. तिथे ती सुजली की पसरायला जागा नसते, आणि स्वतःच्याच सुजेत ती दबून मरते. म्हणजे मामूंची बोटे वाकवली ती मुख्यतः त्यांच्याच पेशींनी. साध्या वेदनाशामक गोळ्या इथे पुऱ्या पडत नाहीत. प्रेडनिसोलोन लागते, तेही वेळेत. नस दुबळी होऊन सहा महिने उलटले की ती सुधारण्याची आशा फार कमी होते. ऊसतोडीचा हंगामही साधारण तेवढाच!

डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, म्हणून देशपातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. हा हिशोब उपचार चालू असलेल्यांचा. मामू त्यात नव्हतेच.

मुमानींच्या माहेरच्यांनी १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याचे नाव काढले होते. नवऱ्याला कुष्ठरोग असल्यास बायको फारकत मागू शकत होती. त्या कायद्याने आमच्या बायकांना पुष्कळ दिले, हे आम्ही मानतोच. पण हे कलम लिहिले गेले तेव्हा रोगावर खात्रीचे औषध नव्हते, आणि औषध आल्यावरही ते अनेक दशके तसेच राहिले. २०१९ मध्ये ते वगळले. मुमानी तेव्हाही गेल्या नव्हत्या.

मामूंच्या हाताला अजून गरम-गार कळत नाही. चहाचा ग्लास मुमानी आधी स्वतःच्या तळव्यावर धरून पाहतात, मगच त्यांना देतात.