वायफाय दिसत नाही, दोष कुणाचा?

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं की पहिला अर्धा तास सगळं सुरळीत वाटतं. पडदा उजळतो, कीबोर्ड चालतो, आवाज येतो. मग नजर कोपऱ्यात जाते आणि तिथे वायफायची खूणच नसते. ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा, तर नेट त्याच ड्रायव्हरवाचून अडलेलं. हा फेरा मी इतक्या वेळा पाहिला आहे, की फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट वापरायचं हे आता हाताला आपोआप सुचतं. पडद्याचंही तसंच. बूट होताना अक्षरं धावतात आणि ऐन वेळी काळोख पसरतो. अशा वेळी ‘लिनक्सचं हे असंच’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच. भक्त मंडळी उलट बाजूने ‘तुला कमांड येत नाहीत’ म्हणून मोकळी होतात. माझ्या मते दोन्हीकडे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली जाते आहे. ड्रायव्हर बसवायला किती त्रास होणार हे चिप किती गुंतागुंतीची आहे यावर फारसं ठरत नाही, वापरणाऱ्याच्या हुशारीवर तर त्याहून कमी. चिप बनवणाऱ्याने तिची माहिती खुली केली का, यावर ते ठरतं. म्हणूनच हा प्रश्न टर्मिनल उघडण्याच्या कितीतरी आधी, लॅपटॉप विकत घेताना सुटलेला किंवा चिघळलेला असतो.

मुळात ड्रायव्हर करतो काय? चिपच्या आत असंख्य छोटे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा टाकला की रेडिओ जागा होतो, कोणता टाकला की चॅनल बदलतो, हे चिप घडवणाऱ्याला ठाऊक असतं. ही माहिती ज्या प्रोग्रॅममध्ये उतरलेली असते तो ड्रायव्हर. जोडीला बहुतेक चिपांना फर्मवेअर लागतं, म्हणजे चिपच्या पोटातल्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम. यंत्र सुरू होताना ड्रायव्हर तो चिपमध्ये भरतो. त्यामुळे ‘वायफाय चालत नाही’ या एकाच तक्रारीखाली तीन निरनिराळे आजार असू शकतात. एलएसपीसीआय ही कमांड चिपचं नाव, तिचा ओळखक्रमांक आणि तिला लागलेला ड्रायव्हर दाखवते. ड्रायव्हरची ओळच नसेल, तर पहिला आजार. ड्रायव्हर आहे, पण डीमेसेजने उघडणाऱ्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत अमुक फाइल सापडली नाही असं लिहिलेलं आहे, तर फर्मवेअर नाही, हा दुसरा. दोन्ही जागेवर असून चिप मुकी, तर बहुधा रेडिओच बंद करून ठेवलेला असतो, आरएफकिल ही कमांड ते सांगते. हा तिसरा आजार घरगुती औषधाने बरा होतो. पहिल्या दोघांचं मूळ मात्र आपल्या लॅपटॉपच्या बाहेर असतं. ड्रायव्हर कुणाला लिहिता आलेला नसतो, किंवा फर्मवेअरची फाइल वाटण्याची परवानगी कुणाला मिळालेली नसते.

हे तपासायचं तर साधारण एकाच काळातल्या, एकाच कामाच्या चिपा शेजारी ठेवून पाहाव्यात. इंटेलने २००३मध्ये सेंट्रिनो या नावाखाली लॅपटॉपमध्ये वायरलेस आणलं आणि पुढे स्वतःच लिनक्ससाठी मुक्त ड्रायव्हर लिहायला घेतला, फर्मवेअर वाटायची मुभाही दिली. आज इंटेलचं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतो, आणि आपण त्याचं नावही न ऐकता वर्षानुवर्षं काम करतो. ब्रॉडकॉमच्या त्या काळातल्या चिपा हेच काम करत होत्या, पण त्यांचे कागद बाहेर नव्हते. लोकांनी काय काय केलं पाहा. एनडीआयएसरॅपर या साधनाने विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर लिनक्सच्या घरात वेषांतर करून बसवला. दुसरीकडे एका गटाने बंदिस्त ड्रायव्हर उलगडून त्याचं वर्तन कागदावर उतरवलं आणि दुसऱ्या गटाने केवळ तो कागद वाचून, मूळ ड्रायव्हरला हात न लावता, नवा लिहिला. २००६मध्ये तो २.६.१७ या कर्नलमध्ये आला. तरी फर्मवेअर वाटायची परवानगी नव्हतीच, त्यामुळे कंपनीच्या ड्रायव्हरमधून तेवढा तुकडा कापून काढण्याचं काम प्रत्येक वापरणाऱ्याच्या गळ्यात पडलं. अ‍ॅथेरॉसची गोष्ट तर एकाच घरातली आहे. आधी तिच्या कार्डांचा ड्रायव्हर एका बंद गाभ्याभोवती उभा होता. २००८मध्ये कंपनीने ‘एथ९के’ हा मुक्त ड्रायव्हर दिला आणि तिच्या नव्या कार्डांपुरती ही कटकट संपली. ब्रॉडकॉमनेही २०१०मध्ये काही चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर खुला केला. दरम्यान वायरलेसचं तंत्र सोपं झालं नव्हतं, उलट वेग आणि अँटेना वाढून ते अवघडच होत गेलं होतं. तरीही त्रास कमी झाला, कारण माहिती बाहेर आली.

ग्राफिक्समध्ये हाच धडा ठळक अक्षरांत दिसतो. एएमडीने एटीआय ही कंपनी घेतली २००६मध्ये, आणि पुढच्याच वर्षी आपल्या ग्राफिक्स चिपांचे कागद खुले करायचं जाहीर केलं. त्या वाटेवर २०१५मध्ये एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. आता एएमडीच्या लॅपटॉपवर ग्राफिक्स ‘बसवावं’ लागत नाही, ते असतंच. एनव्हिडियाने स्वतःचा बंद ड्रायव्हर दिला. तो वेगवान होता, आणि हे मान्यच करायला हवं. पण नूवो हा मुक्त पर्याय लिहिणाऱ्यांना बंद ड्रायव्हर चिपशी काय बोलतो हे चोरून ऐकूनच तिची भाषा शिकावी लागली. एवढं करून २०१०मध्ये नूवो कर्नलमध्ये पोचला. मग २०१४च्या सुमारास आलेल्या पिढीपासून कार्डं कंपनीची सही असलेलंच फर्मवेअर स्वीकारू लागली. परिणाम असा, की नूवोवर ही कार्डं सुरू होत, पण बरीच वर्षं त्यांच्या घड्याळाचा वेग वाढवता येत नव्हता. घोडा विकत घेतला, लगाम मात्र विकणाऱ्याच्याच हाती. लॅपटॉपवर याची झळ अधिक बसली, कारण २०१०पासून ऑप्टिमस योजनेत इंटेलची आणि एनव्हिडियाची अशा दोन चिपा एकाच पडद्यामागे नांदू लागल्या आणि त्यांच्यातली अदलाबदल कंपनीने सुरुवातीला लिनक्सला शिकवली नाही. २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात श्रोत्यांतून हाच विषय निघाला, तेव्हा लिनक्सचा जनक लिनस टॉरवल्ड्स याने कॅमेऱ्याकडे पाहून एनव्हिडियाला उद्देशून मधलं बोट दाखवलं. ते दृश्य गाजलं. त्या रागामागचं कारण मात्र फार कमी लोकांनी समजून घेतलं.

बंद ड्रायव्हर चालतो तोवर त्याची किंमत कळत नाही. तो कर्नलच्या घरचा नसल्याने कर्नल बदललं की त्याचा जोड नव्याने घडवावा लागतो. डीकेएमएस ही व्यवस्था ते काम पडद्याआड करते. कधी हे घडवणं फसतं आणि नेहमीच्या अपडेटनंतर सकाळी काळा पडदा समोर येतो. सुरू होताना सह्या तपासणारं सिक्युअर बूट चालू असेल तर या जोडावर आपल्या किल्लीने सही करून ती किल्ली यंत्राला ओळखायला लावावी लागते. इन्स्टॉल करताना मागितलेला पासवर्ड निळ्या पडद्यावर पुन्हा का विचारला जातो, हे नवख्याला कुणी सांगत नाही. तो घाईत पुढे जातो आणि ड्रायव्हर बसूनही चालू होत नाही. याहून मोठी किंमत काळाची आहे. २०१०च्या आसपासच्या एनव्हिडिया कार्डांसाठी ३९० क्रमांकाची ड्रायव्हरमालिका होती. २०२२ संपताना कंपनीने तिची देखभाल थांबवली. कार्ड धडधाकट आहे, पण नव्या कर्नलसाठी त्याचा ड्रायव्हर आता कंपनीकडून येणार नाही. त्याच वयाची एएमडीची कार्डं कर्नलमधल्या मुक्त ड्रायव्हरवर चालू शकतात, कारण तो जपायला कंपनीच लागते असं नाही.

यावर पहिला आक्षेप व्यापाराचा येतो. लॅपटॉपवर लिनक्स वापरणारे मूठभर, त्यांच्यासाठी कंपनीने खर्च का करावा? प्रश्न रास्त आहे, पण मागणी वेगळीच आहे. ड्रायव्हर लिहून द्या असं कुणी म्हणत नाही, तो लिहिता येईल एवढी माहिती द्या, असं म्हणणं आहे. २००७मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नल विकसकाने कंपन्यांना उघड निमंत्रण दिलं होतं: कागद द्या, हवं तर गुप्ततेचा करार करू, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहू आणि पुढे सांभाळूही. हात द्यायला मोठ्या संख्येने स्वयंसेवक पुढे आले. जिथे श्रम फुकट मिळत होते तिथेही जी दारं बंद राहिली, ती खर्चामुळे बंद होती असं मला तरी मानता येत नाही. शिवाय ‘मूठभर’ हा शब्द लॅपटॉपपुरताच खरा आहे. कितीतरी सर्व्हर आणि राउटर, शिवाय अँड्रॉइड फोन यांत लिनक्सचंच कर्नल आहे. एनव्हिडियाने मे २०२२मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी खुला केला. जे इतकी वर्षं अशक्य म्हणून सांगितलं गेलं, ते कंपनीने ठरवलं तेव्हा शक्य झालं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वायफाय म्हणजे रेडिओ. कुणीही ड्रायव्हर बदलून हवी ती वारंवारता, हवी ती ताकद वापरू लागला तर कायदा मोडेल आणि शेजाऱ्याचं नेटही. म्हणून ते बंद असलेलंच बरं. कायद्याची गरज मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. कोणत्या देशात कोणते चॅनल किती ताकदीने वापरायचे याचा तक्ता लिनक्समध्ये सही करून दिला जातो, त्यात भारताच्याही ओळी आहेत. लॅपटॉपच्या आत बसणाऱ्या एथ९के कार्डांना तर फर्मवेअर भरावंच लागत नाही, सगळा कारभार खुल्या ड्रायव्हरमधून चालतो. तरी ती कार्डं जगभर विकली गेली. इथे माझ्या बाजूचं एक न्यूनही कबूल करतो. ज्याला आपण मुक्त ड्रायव्हर म्हणतो, त्याच्या खाली बहुधा बंद फर्मवेअर असतं, इंटेल आणि एएमडीकडेही. एनव्हिडियाने खुल्या केलेल्या भागातलं बरंचसं काम आता फर्मवेअरमध्येच सरकलेलं आहे. म्हणजे कुलूप निघालेलं नाही, एक खोली आत गेलं आहे. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पालाही हे टाळता आलं नाही. २०२२मध्ये तिथे मतदान झालं आणि अमुक्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरलं. जून २०२३च्या डेबियन १२पासून ते मिळतं. काहींना ही शरणागती वाटली. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण पहिल्या पायरीवरच वायफाय नसलेला नवखा पुढची तत्त्वं ऐकायला थांबत नाही. पण तडजोडीला तडजोडच म्हणावं, विजय म्हणू नये.

तिसरा आक्षेप लिनक्सच्या अंगणातला आहे. कर्नल आपली आतली मांडणी सतत बदलतं, मग बाहेरच्या कंपनीने कुठवर धावायचं? ही तक्रार खरी आहे. मात्र ही धावपळ बाहेर राहणाऱ्याच्याच वाट्याला येते. ड्रायव्हर कर्नलच्या आत असला, तर आतली मांडणी बदलणारा माणूस त्या बदलापुरता सगळ्या ड्रायव्हरांची दुरुस्तीही करून देतो. आत येण्याची अट एकच, कोड उघडा करायचा. जी कंपनी ही अट नाकारते, तिने अंतराची तक्रार करणं म्हणजे वाड्याबाहेर राहून जेवणाच्या पंगतीला उशीर होतो म्हणून कुरकुरणं. एका बाबतीत मात्र टीका झोंबायला हवी. अगदी नवा लॅपटॉप घेतला तर मुक्त ड्रायव्हर असलेली चिपही जुन्या कर्नलवर ओळखली जात नाही, आणि ‘थोडं नवं कर्नल वापरा’ हे उत्तर सामान्य माणसाच्या उपयोगाचं नसतं. माहिती खुली असणं आवश्यक आहे, पुरेसं नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत साधा: एवढं कुणी कशाला करावं, जे चालतं ते घ्यावं. नेमकं हेच मला म्हणायचं आहे, फक्त ‘चालतं’ हे किती वर्षांसाठी ते विचारावं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर मागतं, त्यामुळे कितीतरी चांगले लॅपटॉप त्या दाराबाहेर राहिले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या गावी जुनं यंत्र शोधणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लिनक्स हा तिथे हौसेचा भाग राहत नाही, त्या यंत्राचं उरलेलं आयुष्य त्यावर ठरतं. प्रोसेसर, रॅम आणि हार्डडिस्क विचारण्याची सवय आपल्याला लागलीच आहे, त्यात वायफाय आणि ग्राफिक्सची चिप कुणाची, हा चौथा प्रश्न जोडावा. खिशात लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह ठेवावा आणि दुकानातच यंत्र त्यावरून सुरू करावं. हार्डडिस्कला हातही लागत नाही. एलएसपीसीआयच्या यादीत वायफायच्या चिपचा ओळखक्रमांक ८०८६ने सुरू झाला तर ती इंटेलची, हे नाव न वाचताही कळतं. वायफायची खूण उगवली, पडदा नीट चालला, लॅपटॉप मिटून उघडल्यावर पुन्हा जागा झाला, तर पैसे द्यावेत. नाही झालं, तर कारण विचारावं. दुकानदाराला उत्तर येणार नाही. पण असं विचारणारी गिऱ्हाइकं वाढली, तर कोणता माल पडून राहतो हे त्याच्या लक्षात येईल, आणि पडून राहिलेल्या मालाची बातमी मागे कारखान्यापर्यंत जाते.